‘ओव्हरफ्लो’ या इंग्रजी क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांमध्ये एक इंग्रजी शब्द घराघरांत बोलला जातो. इटियाडोह हा जलाशय ओव्हरफ्लो झाला का, गावचा तलाव ओव्हरफ्लो व्हायला किती बाकी आहे, अशी चौकशी रोवणी म्हणजे धानाची लावणी आटोपलेला शेतकरीही करतो आणि शाळेतले पोरही करते. शब्द असा तोंडात रुळला असला, तरी त्याचा नेमका अर्थ, त्याचे मूळ आणि त्याचा इंग्रजीतील योग्य वापर यांविषयी विद्यार्थी, पालक आणि ग्रामपंचायतीत काम करणारी मंडळी अनेक शंका विचारत असतात. त्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘ओव्हरफ्लो’ या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

एखादी जागा किंवा भांडे काठोकाठ भरल्यानंतर आणखी भर पडत राहिल्यामुळे आतला पदार्थ काठावरून बाहेर वाहू लागणे, हा या क्रियापदाचा मूळ अर्थ आहे. त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. जागेला काठ आहे, ती काठापर्यंत भरलेली आहे आणि जादा पदार्थ त्या काठावरूनच बाहेर पडत आहे. यांपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी हे क्रियापद चुकीचे ठरते. टाकीला भोक पडून पाणी गेले, तर ते गळणे झाले. बादली कलंडून पाणी गेले, तर ते सांडणे झाले. तोटी सोडून पाणी काढले, तर ते सोडणे झाले. या तिन्हींना इंग्रजीत ओव्हरफ्लो म्हणत नाहीत.

या क्रियापदाचा कर्ता दोन प्रकारचा असू शकतो. पाणी ओव्हरफ्लो होते असेही म्हणतात आणि टाकी ओव्हरफ्लो होते असेही म्हणतात. मराठीतील ‘ओसंडणे’ हे क्रियापदही अशाच दुहेरी चालीचे आहे. पाणीही ओसंडते आणि हौदही ओसंडतो. म्हणून ओव्हरफ्लोला सर्वांत जवळचा मराठी शब्द कोणता, असे कोणी विचारल्यास ‘ओसंडणे’ किंवा ‘ओसंडून वाहणे’ हेच उत्तर द्यावे लागेल.

हा शब्द इंग्रजीत कुठून आला?

तो कुठूनही उसना आणलेला नाही. इंग्रजी भाषेच्या सर्वांत जुन्या अवस्थेत, म्हणजे ज्या काळाला प्राचीन इंग्रजी असे म्हणतात आणि जो साधारणपणे इ. स. 1150 पर्यंतचा मानला जातो, त्या काळातही हे क्रियापद होते. तेव्हा ते ‘ओफरफ्लोवान’ असे लिहिले जाई. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘फ’चा उच्चार त्या काळी ‘व्ह’सारखा होत असल्यामुळे बोलताना ते आजच्या शब्दाच्या बरेच जवळ ऐकू येत असावे. ‘ओफर’ म्हणजे वरून आणि ‘फ्लोवान’ म्हणजे वाहणे, अशी त्याची उघड फोड आहे. भांड्याच्या काठावरून वाहणे आणि नदीने जमीन बुडवणे, असे दोन्ही अर्थ त्याला तेव्हापासूनच होते.

इंग्रजीच्या बहीणभाषांमध्येही हीच जोडणी सापडते. जर्मनमध्ये ‘युबरफ्लीसेन’ म्हणजे ओसंडणे आणि त्याच घराण्यातील ‘युबरफ्लुस’ म्हणजे विपुलता. डच भाषेतही ‘ओव्हरव्लूट’ या शब्दाचा अर्थ विपुलता असाच आहे. ज्या घरी धान्य कोठीत मावत नाही ते घर संपन्न, ही समजूत युरोपातल्या शेतकऱ्याचीही होती, हे या शब्दांवरून दिसते.

फ्लो हा शब्द फ्लुइड या लॅटिन शब्दापासूनच आला असणार ना?

असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, कारण दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा आणि अर्थही वाहण्याचाच. तरीही भाषाशास्त्राच्या दृष्टीने या दोन शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही. फ्लुइड, फ्लुएंट, इन्फ्लुएन्स हे शब्द लॅटिनमधील ‘फ्लुएरे’ या क्रियापदापासून आले आणि त्या क्रियापदाचे मूळ वेगळे आहे. फ्लो हा मात्र जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच या भाषांच्या, घराण्याचा शब्द असून फ्लड, फ्लोट आणि फ्लीट हे त्याचे खरे भाऊबंद आहेत. लॅटिनमध्ये फ्लोचा सख्खा नातेवाईक शोधायचाच असेल, तर तो ‘प्लुएरे’ म्हणजे पाऊस पडणे हा आहे. पावसासाठी भूगोलाच्या पुस्तकांत येणारा प्लुव्हियल हा शब्द त्यावरूनच तयार झाला.

या शब्दाचे संस्कृतशी किंवा मराठीशी काही नाते आहे का?

आहे, आणि ते जवळचे आहे. हा प्रश्न विद्यार्थी सहसा संकोचाने विचारतात, कारण कोणत्याही इंग्रजी शब्दाचे मूळ ओढूनताणून संस्कृतात दाखवण्याची हौस आपल्याकडे फार आहे आणि अशा दाव्यांनी ते सावध झालेले असतात. ही सावधगिरी योग्यच आहे. पण येथील नाते नियमाने सिद्ध झालेले आहे.

सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढे 1822 साली याकोब ग्रिम या जर्मन विद्वानाने जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचा नियम नीट मांडून दाखवला. त्या नियमानुसार मूळ भाषेतील ‘प’ संस्कृतात ‘प’च राहिला आणि इंग्रजीच्या घराण्यात त्याचा ‘फ’ झाला. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पञ्च आणि फाइव्ह या जोड्या त्यामुळेच जुळतात. याच रांगेत संस्कृतातील ‘प्लु’ हा धातू आणि इंग्रजीतील ‘फ्लो’ हे क्रियापद येते. ‘प्लु’ म्हणजे तरंगणे, पोहणे, पाण्यावरून जाणे. प्लव म्हणजे होडी किंवा तराफा. जलप्लावन म्हणजे सर्व काही पाण्याखाली जाणे. प्लु आणि फ्लो यांपैकी कोणीही कोणापासून निघालेले नाही. दोघेही एकाच आजीची नातवंडे आहेत.

‘ओव्हर’चेही तसेच आहे. संस्कृतातील ‘उपरि’, ग्रीकमधील ‘हायपर’, लॅटिनमधील ‘सुपर’ आणि इंग्रजीतील ‘ओव्हर’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. आपण रोज वापरतो तो ‘वर’ हा मराठी शब्द प्राकृतातून आलेले ‘उपरि’चेच रूप आहे. तेव्हा वर म्हणताना आपण ओव्हरचाच चुलतभाऊ उच्चारत असतो.

आणखी एक जोडी सांगण्यासारखी आहे. इंग्रजीतील फुल आणि फिल हे शब्द संस्कृतातील ‘पूर्ण’ या शब्दाशी संबंधित आहेत आणि नदीला येणारा ‘पूर’ हा शब्दही भरणे या अर्थाच्या त्याच धातूपासून निघाला आहे. इंग्रजी माणसाला फ्लडमध्ये पाण्याचे वाहणे दिसले, तर आपल्या पूर्वजांना पुरात नदीचे भरणे दिसले. वैनगंगा ‘भरली’ असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणतात, तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंतच असतो.

यातल्या ‘ओव्हर’चा अर्थ ‘जास्त’ असा घ्यायचा का?

नाही. इंग्रजीत ओव्हर हा उपसर्ग दोन वेगळ्या अर्थांनी लागतो आणि तेथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ओव्हरईट म्हणजे प्रमाणाबाहेर खाणे, ओव्हरलोड म्हणजे प्रमाणाबाहेर भार घालणे. येथे ओव्हर म्हणजे जास्त. ओव्हरफ्लोमधील ओव्हर मात्र जागा दाखवतो: काठाच्या वरून. ‘जास्त वाहणे’ असा या शब्दाचा अर्थ होत नाही. नाल्याला कितीही जोराचे पाणी असले, पण ते काठांच्या आतच असले, तर नाला ओव्हरफ्लो झाला असे म्हणता येणार नाही. उलट, तलावाच्या सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी बांधलेल्या वाटेवरून, बोटभर जाडीची धार जात असली, तरी तो ओव्हरफ्लोच असतो.

मग ओव्हरफिल आणि ओव्हरफ्लो यांत फरक काय?

ओव्हरफिल हे करणाऱ्याचे क्रियापद आहे आणि ओव्हरफ्लो हे होणाऱ्या गोष्टीचे. फवारणी पंपात कोणी खुणेच्या वर औषधाचे पाणी ओतले, तर त्याने पंप ओव्हरफिल केला; त्यानंतर झाकणाच्या कडेने द्रावण बाहेर आले, तर पंप ओव्हरफ्लो झाला. पहिली गोष्ट घडूनही दुसरी घडली नाही, असेही होऊ शकते. खुणेपेक्षा जास्त भरलेला पण अजून न सांडलेला पंप हा ओव्हरफिल्ड असतो, ओव्हरफ्लोइंग नसतो. औषधाच्या डब्यावरील किंवा यंत्राच्या पुस्तिकेतील ‘डू नॉट ओव्हरफिल’ ही सूचना वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. ती सूचना सांडण्याच्या आधीच्या स्थितीविषयी आहे, म्हणून सांडले नाही म्हणजे सूचना पाळली असे होत नाही.

कापसाच्या गाडीसाठी या दोन्हींपैकी एकही शब्द चालत नाही. जिनिंगला निघालेल्या गाडीत कापूस दाबून दाबून भरला असेल, तर क्रॅम किंवा स्टफ ही क्रियापदे वापरतात. गाडीला पेलवणार नाही इतके वजन झाले असेल, तर ओव्हरलोड म्हणतात.

दूध उतू गेले, याला इंग्रजीत ओव्हरफ्लो म्हणावे का?

म्हणू नये. त्यासाठी बॉइल ओव्हर असा स्वतंत्र प्रयोग आहे, कारण दूध जास्त ओतल्यामुळे बाहेर येत नाही. ते तापून फुगते आणि वर येते. मराठीतही हा भेद आपण पाळतोच. हौद उतू गेला असे सहसा कोणी म्हणत नाही.

भूतकाळात ओव्हरफ्लोड म्हणावे की ओव्हरफ्लोन?

आजच्या इंग्रजीत ओव्हरफ्लोड हेच बरोबर आहे. फ्लोचा भूतकाळ फ्लोड होतो, म्हणून ओव्हरफ्लोचा ओव्हरफ्लोड. फ्लोन हे फ्लाय म्हणजे उडणे या क्रियापदाचे रूप आहे, त्यामुळे ओव्हरफ्लोनचा अर्थ ‘वरून उडत गेलेला’ असा होतो. द लेक हॅज ओव्हरफ्लोन असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तलावाला आकाशात उडवलेले असते, हे त्याला एकदा समजावून सांगितले की ती चूक पुन्हा होत नाही.

मात्र जुन्या इंग्रजीत ओव्हरफ्लोन हे रूप चालत होते. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात बॉटम हा विणकर एका परीला मधाची पिशवी आणायला पाठवतो आणि ती पिशवी फुटून तू मधात न्हाऊन निघू नयेस, अशी काळजी व्यक्त करतो. त्या ठिकाणी मूळ शब्द ओव्हरफ्लोन हाच आहे. जुने साहित्य वाचताना हे रूप दिसल्यास ती छपाईची चूक समजू नये, आणि परीक्षेत मात्र ते लिहू नये.

‘द डॅम इज ओव्हरफ्लो’ हे वाक्य चुकीचे का आहे?

आपल्या भागातील उत्तरपत्रिकांमध्ये ही चूक फार आढळते आणि तिचे कारण मराठीतच आहे. आपण ‘धरण ओव्हरफ्लो झाले’ किंवा ‘धरण ओव्हरफ्लो आहे’ असे म्हणतो. मराठीने हा शब्द घेताना त्याचे विशेषण करून टाकले आणि क्रियेचे काम ‘होणे’कडे सोपवले. फोन बिझी आहे, नेट स्लो झाले, या वाक्यांसारखाच हा साचा आहे. मराठीत त्यात काहीही वावगे नाही. पण तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की बिघडते, कारण इंग्रजीत ओव्हरफ्लो हे स्वतःच क्रियापद आहे. सध्या पाणी वाहत असेल, तर द लेक इज ओव्हरफ्लोइंग. वाहू लागले हे सांगायचे असेल, तर द लेक हॅज ओव्हरफ्लोड. दरवर्षी वाहतो असे सांगायचे असेल, तर द लेक ओव्हरफ्लोज एव्हरी इयर.

या वाक्यांत डॅमऐवजी लेक घेतला आहे, तो मुद्दाम. इंग्रजीत डॅम म्हणजे मुळात अडवणारी भिंत. अडवलेल्या पाण्याला रिझर्व्हॉयर किंवा लेक म्हणतात. भारतीय इंग्रजीत डॅम हा शब्द पाण्यासाठीही सर्रास वापरला जातो आणि वर्तमानपत्रांतून तो चालतोही, पण अर्ज, अहवाल किंवा निवेदन लिहिताना भिंत आणि पाणी वेगळे ठेवलेले बरे. ते का, याचा खुलासा धरणांविषयीच्या उत्तरात पुढे येईलच.

या क्रियापदाला कर्म लागते का?

लागूही शकते. द रिव्हर ओव्हरफ्लोड एवढे म्हटले तरी वाक्य पूर्ण होते आणि द रिव्हर ओव्हरफ्लोड इट्स बँक्स म्हणजे नदीने काठ ओलांडले, असेही म्हणता येते. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, कापणीच्या दिवसांत जॉर्डन नदी आपले सर्व काठ ओलांडून वाहते, अशा अर्थाच्या वाक्यात ओव्हरफ्लोएथ हे रूप कर्मासह आलेले आहे. आपल्याकडच्या ‘दुथडी भरून’ या शब्दप्रयोगापेक्षा त्याचा अर्थ एक पायरी पुढचा आहे, हे लक्षात घ्यावे. दुथडी भरून वाहणारी नदी दोन्ही थडींपर्यंत भरलेली असते. ओव्हरफ्लो झालेली नदी थडी सोडून शेतात आणि वस्तीत शिरलेली असते. 30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड या गावावर वर्धा नदीचा जो पूर कोसळला, त्याचे वर्णन इंग्रजीत करायचे झाल्यास ओव्हरफ्लो हे क्रियापद दुबळे पडते. तेथे इनअंडेट म्हणजे जलमय करणे किंवा स्वीप अवे म्हणजे वाहून नेणे हीच क्रियापदे वापरावी लागतील.

धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे धरण ओव्हरफ्लो झाले, असे समजावे का?

तसे समजू नये. या पानावरील सर्व प्रश्नांमध्ये हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे शब्द चुकला तर नदीकाठच्या माणसाचा निर्णय चुकू शकतो.

धरणातून पाणी बाहेर जाण्याचे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार दरवाजे नसलेल्या सांडव्याचा. अशा जलाशयात पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की कोणीही काही न करता ते सांडव्यावरून आपोआप वाहू लागते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाढवी नदीवरचा इटियाडोह, चंद्रपूर जिल्ह्यातील असोलामेंढा किंवा घोडाझरी भरल्याची बातमी येते, तेव्हा सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहण्यासाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसे जमतात. काठावरून वाहणे हा ओव्हरफ्लोचा मूळ अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो, आणि ही घटना धोक्याची नसून रचनेप्रमाणे घडणारी असते. सांडवा त्यासाठीच बांधलेला असतो.

दुसरा प्रकार दरवाजांच्या धरणाचा. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की येणाऱ्या पाण्याचा अंदाज घेऊन अधिकारी काही दरवाजे ठरावीक उंचीपर्यंत उचलतात. त्या वेळी जलाशय पूर्ण भरलेला असेलच असे नाही. पुढे येणाऱ्या पाण्यासाठी जागा करून ठेवायची म्हणूनही पाणी सोडले जाते. याला मराठीत विसर्ग आणि इंग्रजीत रिलीज किंवा डिस्चार्ज म्हणतात. हे माणसाने सोडलेले पाणी आहे, काठावरून ओसंडलेले नाही. विसर्ग वाढला म्हणजे नदीची पातळी काही तासांत वाढते, म्हणून खालच्या गावांनी विचारायचा प्रश्न ‘धरण ओव्हरफ्लो झाले का’ हा नसून ‘विसर्ग किती आहे आणि वाढणार आहे का’ हा आहे. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये असेल, तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, क्युमेकमध्ये असेल, तर सेकंदाला 1,000 लिटर. एका क्युमेकमध्ये सुमारे 35.3 क्युसेक येतात. एकक न पाहता केवळ आकडा वाचला, तर अंदाज पस्तीस पटींनी चुकू शकतो.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. सांडवा आणि दरवाजे दोन्ही कमी पडून पाणी धरणाच्या माथ्यावरूनच जाऊ लागले, तर त्याला इंग्रजीत ओव्हरटॉपिंग म्हणतात. दगडी किंवा काँक्रीटची भिंत ते काही काळ सहन करू शकते, पण मातीच्या धरणाची पाळ वरून जाणाऱ्या पाण्याने धुपत जाते आणि फुटते. गुजरातमधील मोरबीजवळचे मच्छू-2 हे धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी असेच फुटले. येणारा पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा होता आणि पाणी मातीच्या बांधावरून गेले. अहवालात द डॅम ओव्हरफ्लोड असे सैल वाक्य लिहिले, तर वाचणारा अभियंता त्याचा अर्थ सांडवा वाहिला असाही घेऊ शकतो आणि माथ्यावरून पाणी गेले असाही घेऊ शकतो. भिंत आणि पाणी यांचे शब्द वेगळे ठेवावेत असे वर म्हटले, ते याचसाठी.

गावच्या तलावांसाठी आपल्या बोलीत काही शब्द आहे का?

आहे आणि तो ओव्हरफ्लोच्या कितीतरी आधीचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जे जुने तलाव आहेत, त्यांतील अनेक कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधले. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची, पद्धत 1951 च्या सुमारास संपली आणि हे तलाव माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. या तलावांच्या प्रत्येक भागाला नाव आहे. मातीचा बांध ती पाळ. सिंचनासाठी पाणी सोडण्याची जागा ते तुडुम. आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी पाळीच्या एका टोकाला ठेवलेली वाट ती सलंग. ‘सलंग सुरू झाली’ एवढे म्हटले की तलाव भरला, जादा पाणी ठरलेल्या वाटेने निघाले आणि पाळ सुरक्षित आहे, हे सर्व एका वाक्यात कळते. सलंगीवरून पहिले पाणी गेले की त्या धारेच्या उलट चढणाऱ्या मासोळ्या धरायला पोरे गुडघाभर पाण्यात उभी राहतात आणि तलाव भरल्याची बातमी गावभर त्यांच्याच तोंडून पसरते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, सलंग हा शब्द जेथे चालतो तेथे तो लिहिण्यातही वापरला जावा. ओव्हरफ्लो म्हटल्याने पाणी वर आले एवढेच कळते. सलंग म्हटल्याने ते कुठून आणि कसे जात आहे, हेही कळते. ज्या पिढीने सलंगीची वाट मोकळी ठेवण्याची काळजी घेतली, तिच्याकडे त्या वाटेसाठी शब्द होता. आता अनेक ठिकाणी त्या वाटेवर झुडपे माजली आहेत, कुठे अतिक्रमण झाले आहे, आणि ज्या जागेचे नावच विसरले गेले तिच्या दुरुस्तीची मागणी ग्रामसभेत कोणी कशी करणार?

बांधीतले पाणी धुऱ्यावरून गेले, तर त्याला काय म्हणावे?

पावसाने बांधी म्हणजे धानाचे बांध घातलेले शेत भरून पाणी धुऱ्यावरून, म्हणजे त्या बांधावरून, आपोआप जात असेल, तर ते ओव्हरफ्लोच आहे. धुऱ्याला तोंड पाडून वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत घेतले, तर मात्र इंग्रजीत ड्रेन किंवा लेट आउट म्हणावे. पीकनुकसानीचा अर्ज इंग्रजीत करायची वेळ आल्यास हा भेद जपावा, कारण पहिल्या वाक्यात नुकसान पावसाने केलेले असते आणि दुसऱ्या वाक्यात पाणी शेतकऱ्याने स्वतः काढलेले असते.

इंग्रजीत ओसंडण्याचा अर्थ लपलेले आणखी शब्द आहेत का?

पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक लॅटिनमधून आले आहेत. सुपरफ्लुअस म्हणजे अनावश्यक. त्याचा मूळ अर्थ वरून वाहणारे, म्हणजे ओव्हरफ्लोचीच लॅटिन जोडणी. अबंडंट म्हणजे विपुल, रिडंडंट म्हणजे जादा ठरलेले आणि इनअंडेट म्हणजे जलमय करणे. या तिन्हींमध्ये ‘उंदा’ म्हणजे लाट हा लॅटिन शब्द आहे, आणि त्या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘उदक’ या शब्दाशी लागते. एकाच ओसंडण्यातून विपुल असा चांगला अर्थ आणि नकोसे असा वाईट अर्थ निघावा, हे शेती करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्टचे पाणी त्याला हवे असते आणि लोंबी भरल्यानंतर ऑक्टोबरात आलेले तेच पाणी त्याला नको असते.

एक्झुबरंट या शब्दाचे मूळ तर गोठ्यात आहे. त्यातील ‘ऊबेर’ म्हणजे गाईची कास. संस्कृतातही कासेला ‘ऊधस्’ म्हणतात आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत.

संगणकाच्या अभ्यासक्रमातील ओव्हरफ्लो हा वेगळा शब्द आहे का?

शब्द तोच आहे. संगणकात प्रत्येक संख्येसाठी ठरावीक आकाराची जागा राखलेली असते. ही जागा बिटांमध्ये मोजतात आणि एका बिटात 0 किंवा 1 एवढेच मावते. आठ बिटांच्या जागेत 0 ते 255 एवढ्याच संख्या मावतात. 255 मध्ये एक मिळवला की जागा अपुरी पडते आणि तेथे पुन्हा 0 दिसू लागतो. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले, त्यामागे हाच दोष होता. एक मोठी संख्या सोळा बिटांच्या जागेत घालण्याचा प्रयत्न झाला आणि त्या जागेत 32,767 पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. बफर म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा; बफर ओव्हरफ्लो हा प्रकार मात्र मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे, कारण त्यात राखलेल्या जागेबाहेरची माहिती खरोखरच शेजारच्या जागेत शिरते आणि तेथील माहिती बिघडवते. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रॅमने याच दोषाचा फायदा घेतला होता.

भावनांसाठी हे क्रियापद वापरता येते का?

येते. त्यापुढे विथ हे शब्दयोगी अव्यय येते: हर हार्ट ओव्हरफ्लोड विथ जॉय. सभागृहात गर्दी मावेनाशी झाली, तरी द क्राउड ओव्हरफ्लोड इनटू द स्ट्रीट असे म्हणतात. कचराकुंडी, धान्याची कोठी, टपालाची पेटी यांनाही हे क्रियापद लागते. म्हणजे वाहणारा पदार्थ पाणीच असला पाहिजे, असे नाही.

उच्चार आणि लेखन कसे करावे?

इंग्रजीत हा एकच जोडलेला शब्द आहे. मध्ये जागा किंवा आडवी रेघ देत नाहीत. क्रियापद असेल तेव्हा जोर शेवटच्या फ्लोवर येतो आणि नाम असेल तेव्हा सुरुवातीच्या ओ वर येतो. मराठीत लिहिताना ‘ओव्हर फ्लो’ असे तोडू नये. नाम म्हणून वापरताना तो पुल्लिंगी धरण्याची रूढी आहे: ओव्हरफ्लो सुरू झाला, ओव्हरफ्लोचे पाणी नाल्यात गेले.

ग्रामपंचायतीच्या फलकावर हा शब्द लिहावा का?

बोलताना तो सर्वांना समजतो, तेव्हा त्याला विरोध करण्याचे कारण नाही. फलकावरील किंवा दवंडीतील सूचना मात्र माणसाला काय करायचे ते ठरवता येईल अशी असावी. ‘तलाव ओव्हरफ्लो झाला आहे, सावध राहा’ या वाक्याने भीती वाटते, पण माहिती मिळत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘गावतलावाची सलंग आज सकाळपासून सुरू आहे. नाल्यावरील रपट्यावर (ठेंगण्या पुलावर) पाणी आले आहे. पाणी उतरेपर्यंत रपट्यावरून बैलगाडी, दुचाकी किंवा पायी जाऊ नये आणि मुलांना सलंगीकडे पाठवू नये.’ नदीकाठच्या गावासाठी धरणाचे नाव, विसर्गाचा आकडा, त्याचे एकक आणि विसर्ग सुरू झाल्याची वेळ, या चार बाबी फलकावर असाव्यात. आकडा बदलला की जुना पुसून नवा लिहावा आणि लिहिल्याची वेळही शेजारी टाकावी.